न गाणारी गाणी

मुलांनो, ‘तुम्हांला गाणी आवडतात का?’ असं वर्गात विचारलं, की सगळे हात एकदम वर जातात. मग मी दुसरा प्रश्न विचारते, ‘ज्या गाण्यात एकही शब्द नाही, असं गाणं आवडतं का?’ आता मात्र हात हळूहळू खाली येतात. मुलं एकमेकांकडे बघू लागतात. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘बाई, शब्दच नसले तर ते गाणं कसलं?’

प्रश्न अगदी रास्त आहे. आज मी तुम्हांला अशाच काही न गाणाऱ्या गाण्यांबद्दल सांगणार आहे. आधीच सांगून टाकते, मी काही संगीतातली जाणकार नाही बरं का! पाचवीच्या मुलांना मराठी आणि गणित शिकवणारी मी एक प्राथमिक शिक्षिका. पेटीवर प्रार्थना वाजवता येते, तेवढंच माझं संगीताचं शिक्षण. पण ऐकायची मला भारी हौस! आणि ऐकणाऱ्याला मत असायला पदवी लागत नाही.

मला आवडणारं हे संगीत तीन नावांनी ओळखलं जातं. पहिलं नाव ‘अ‍ॅम्बियंट’, म्हणजे आपल्या सभोवताली पसरून राहणारं संगीत. खोलीत उदबत्तीचा वास असतो ना, तसं. दुसरं ‘इलेक्ट्रॉनिक’, म्हणजे ज्याचे आवाजच विजेच्या उपकरणांतून तयार होतात असं. आणि तिसरं ‘सायकेडेलिक’. हे नाव जरा अवघड आहे, त्याच्याकडे आपण मागून येऊ.

माझी या संगीताशी ओळख झाली ती २००८ साली. मी तेव्हा डी.एड. करत होते आणि वसतिगृहात राहत होते. खोलीत आम्ही चौघी. एकीच्या मोबाइलमध्ये तिच्या मावसभावानं काही संगीत भरून दिलं होतं. एका रात्री तिनं ते लावलं. पियानोचे चार-पाच सूर वाजले आणि थांबले. मग पुन्हा वाजले, पण थोडे वेगळे. पुन्हा शांतता. दोघी-तिघी म्हणाल्या, ‘अगं, मोबाइल बिघडलाय तुझा!’ पण तो बिघडला नव्हता. ते संगीतच तसं होतं! सतरा मिनिटं ते असंच चाललं आणि तोवर खोलीतल्या दोघी गाढ झोपल्या. मी मात्र टक्क जागी. पुढचा सूर कधी येतो याची वाट बघत बसले होते.

त्या अल्बमचं नाव ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’, म्हणजे विमानतळांसाठी संगीत. ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकारानं तो १९७८ साली काढला. जर्मनीतल्या कोलोनच्या विमानतळावर बसलेला असताना त्याच्या मनात आलं, की इमारत एवढी सुंदर, पण इथं वाजतंय ते संगीत मात्र शोभत नाही. विमानतळावर माणसं थोडी घाबरलेली असतात, घाईत असतात, मध्येच सूचना ऐकू येतात. अशा जागी साजेल, कुणाच्या बोलण्यात अडथळा आणणार नाही, आणि कान दिला तर आवडेलही, असं संगीत हवं. म्हणून त्यानं ते स्वतःच बनवलं.

ही कल्पना त्याला सुचण्याआधीची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. १९७५ च्या जानेवारीत ईनोला लंडनमध्ये टॅक्सीची धडक बसली आणि तो अंथरुणाला खिळला. भेटायला आलेल्या मैत्रिणीनं त्याला हार्प या तंतुवाद्याची एक तबकडी आणून दिली. ती गेल्यावर यानं कशीबशी उठून तबकडी लावली आणि पुन्हा आडवा झाला. बघतो तो काय, आवाज अगदी बारीक ठेवलेला, आणि दोनांपैकी एक स्पीकर बंद! पुन्हा उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. हार्पचे सूर पावसाच्या आवाजात मिसळून कधी ऐकू येत, कधी बुडून जात. पडल्या पडल्या त्याला वाटलं, संगीत असंही ऐकता येतं की! खोलीतल्या उजेडासारखं, पावसासारखं.

आता या अल्बममधली गणिताची गंमत सांगते. दुसऱ्या तुकड्यात नुसते ‘आऽऽ’ असे गळ्यातून काढलेले सूर आहेत. प्रत्येक सूर ध्वनिफितीवर घेऊन त्या फितीची दोन टोकं जोडून टाकली, म्हणजे झाली माळ! ती यंत्रातून गोल गोल फिरत राहते आणि तोच सूर ठरावीक वेळानं पुन्हा वाजतो. एक माळ साडेतेवीस सेकंदांनी फिरून येते, दुसरी जवळजवळ २६ सेकंदांनी, तिसरी जवळजवळ ३० सेकंदांनी. फिती इतक्या लांब, की एक तर स्टुडिओतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्च्यांभोवतून फिरवून आणली होती! प्रत्येक माळेची लांबी वेगळी, म्हणून सूर दर वेळी नव्या जागी एकमेकांना भेटतात. साधारण नऊ मिनिटांच्या त्या तुकड्यात कुठलीच दोन मिनिटं सारखी नाहीत.

‘बाई, हे तर लसावि!’ असं माझ्या वर्गातली एक मुलगी ओरडली, तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग आम्ही ते करूनच पाहिलं. मी एका लयीत टाळ्या वाजवत राहिले. पहिल्या गटानं दर चौथ्या टाळीला ‘टिक’ म्हणायचं, दुसऱ्यानं दर पाचव्या टाळीला ‘टॅक’ आणि तिसऱ्यानं दर सातव्या टाळीला ‘ढुम्’. विसाव्या टाळीला टिक आणि टॅक एकत्र आले. अठ्ठाविसाव्याला टिक आणि ढुम्. पस्तिसाव्याला टॅक आणि ढुम्. तिघं एकदम कधी येणार? ४, ५ आणि ७ यांचा लसावि १४०. बरोबर एकशे चाळिसाव्या टाळीला ‘टिक-टॅक-ढुम्’ असा एकच आवाज उठला आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी काय झालं म्हणून धावत आले!

‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’बद्दल माझं मत? पहिला तुकडा फार आवडतो. वह्या तपासताना तो बारीक आवाजात लावते. दुसरा मात्र रात्री एकटीनं ऐकला तर जरा उदास वाटतं. आणि चारही तुकडे सलग ऐकायचे तर मला तरी जड जातं. आवडत्या अल्बममध्येसुद्धा न आवडलेलं असू शकतं, आणि ते सांगायला हरकत नसते.

आमच्या वर्गात यासाठी एक नियम आहे. परिपाठासाठी शाळेत छोटा स्पीकर आहे. शनिवारी मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं आम्ही काहीतरी नवीन ऐकतो. तोच तुकडा तीन शनिवार. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा त्यातला एकच आवाज पकडायचा आणि त्याचा माग काढायचा. तिसऱ्यांदा चित्र काढता काढता ऐकायचं. त्यानंतरच वहीत मत लिहायचं. ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं’ एवढंच लिहिलं तर चालत नाही, पुढे ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे. गंमत अशी, की पहिल्या शनिवारी ‘कंटाळवाणं’ म्हणणारी पुष्कळ मुलं तिसऱ्या शनिवारी काहीतरी वेगळं लिहितात. काही जण तिसऱ्यांदाही ‘कंटाळवाणं’च लिहितात. पण का, ते त्यांना आता नीट सांगता येतं.

आता तुम्हांला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. ते इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागावर होते. यंत्रमागाचं शेड तुम्ही पाहिलंय का? धोटा या टोकाहून त्या टोकाला सटासट धावत असतो, आणि असे कितीतरी माग एकाच वेळी खट्याक-खट्याक करत असतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं, नाहीतर खुणा कराव्या लागतात. कानांना लावायला तिथं काही मिळत नसे. आण्णा कापसाचा बोळा घालत.

व्हायचं तेच झालं. पन्नाशीच्या आसपास आण्णांना कमी ऐकू येऊ लागलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ‘कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारखी टोकं असलेल्या बारीक बारीक पेशी असतात. सतत मोठा आवाज झाला की त्या मरतात, आणि एकदा मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत.’ आधी जातात ते उंच, बारीक आवाज. स, श, फ, त यांसारखी अक्षरं ऐकू येईनाशी होतात. खालचे, जाड आवाज पुष्कळ दिवस टिकतात. त्यामुळे आण्णा म्हणत, ‘बोलल्यालं ऐकू येतंय गं, पर काय बोलला ते कळत न्हाई.’

आण्णांना भजनाचं वेड. पण आता भजन लावलं, की मृदंग ऐकू येई आणि अभंगाचे शब्द मात्र हरवत. ओळखीच्या अभंगाचे शब्द आपल्याच माणसाच्या हातून निसटताना बघणं फार वाईट असतं, मुलांनो. हळूहळू त्यांनी रेडिओ लावणंच सोडलं.

एका सुट्टीत मी घरी होते. स्पीकरवर ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ हा अल्बम लावला होता. तो ‘क्राफ्टवर्क’ या जर्मन वाद्यवृंदाचा. राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियन श्नायडर या दोघांनी ड्युसेलडॉर्फ शहरात हा वृंद सुरू केला. कारखान्यांचं, रस्त्यांचं, आगगाड्यांचं जे आपलं जग आहे, त्याच्याच आवाजातून संगीत करायचं असं त्यांनी ठरवलं. १९७४ सालच्या ‘ऑटोबान’ या त्यांच्या अल्बममध्ये मोटारीचं दार लागल्याचा आवाज येतो, मोटार सुरू होते, आणि मग २२ मिनिटांहून अधिक वेळ आपण जर्मनीच्या रुंद महामार्गावरून चाललेलो असतो. १९७७ सालचा ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ आहे आगगाडीचा. त्याच नावाच्या खऱ्या गाड्या तेव्हा युरोपातल्या देशादेशांतून धावत होत्या. गाडीच्या चाकांचा ठेका चालत राहतो, आणि पुढच्या तुकड्यात लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येतात.

आण्णा दारात बसले होते. माझं लक्ष गेलं तर त्यांची बोटं चौकटीवर ताल धरत होती! ते उठून स्पीकरजवळ आले, त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, ‘ह्यो तर चार मागांचा आवाज हाय की गं! पर कुणीतरी बेस तेल घातलंय बघ!’

आम्ही दोघं इतकं हसलो! ज्या आवाजानं त्यांचे कान नेले, तसाच आवाज ऐकून ते खूश कसे झाले, असं मला वाटलं. मी त्यांना ते विचारलंही. ते म्हणाले, ‘त्यो आवाज माझ्या हातात नव्हता. ह्यो बारीक करता येतोय.’ मुलांनो, गोंगाट आणि संगीत यांतला फरक मी पुस्तकांत बराच शोधला होता. एवढ्या सोप्या शब्दांत तो मला कुणी सांगितला नव्हता.

तेव्हापासून संध्याकाळी आमच्याकडे शब्द नसलेलं संगीत लागतं. त्यात आण्णांचं काही हरवत नाही. उलट खालच्या सुरांचे ठोके मला चुकतात, ते त्यांना आधी कळतात!

आता आपल्या मुंबईतली गोष्ट ऐका. चरणजित सिंग नावाचे एक वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि इतर वाद्यं वाजवत. १९८२ साली त्यांनी तीन जपानी यंत्रं एकत्र केली. एक ताल देणारं, एक खर्जातले सूर वाजवणारं आणि एक मोठा सिंथेसायझर. या तिन्हींवर त्यांनी भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले आणि मागं डिस्कोचा ठेका लावला! या अल्बमचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’.

आपल्या रागसंगीतात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याला ‘मींड’ म्हणतात. पेटीवर ती निघत नाही, कारण पेटीच्या पट्ट्या सुट्या सुट्या असतात. पण खर्जाच्या त्या यंत्रात सूर घसरवायची सोय होती. म्हणून यंत्रातूनही राग ओळखू येतो. आता याच यंत्राची कथा बघा. गिटारवाल्यांना सरावासाठी साथीदार म्हणून ते बनवलं होतं. कुणाला फारसं आवडलं नाही, आणि १९८४ मध्ये ते बनवणंच बंद झालं. पुढं अमेरिकेतल्या शिकागो शहरात तरुण वादकांनी तीच यंत्रं स्वस्तात मिळवली आणि १९८७ साली त्यांतून नाचाचा एक नवा प्रकार निघाला. जगभर त्याचा गाजावाजा झाला. आणि आपल्या मुंबईच्या वादकानं त्याच्या पाच वर्षं आधी तसलाच आवाज काढून ठेवला होता! पण ती तबकडी तेव्हा कुणी फारशी घेतली नाही. २०१० साली नेदरलँड्‌समधल्या एका रसिकानं ती पुन्हा काढली, तेव्हा लोक चकित झाले. चरणजितजी २०१५ साली गेले. त्याआधी म्हातारपणी परदेशातल्या श्रोत्यांपुढे हेच राग वाजवायची संधी त्यांना मिळाली, याचं मला फार बरं वाटतं.

माझं मत विचाराल, तर भूपाळी आणि मालकंस झकास. पण ठेका दहाही रागांत जवळजवळ तोच आहे, त्यामुळे सहाव्या-सातव्या रागाशी मी थकते. शिवाय पहाटेचा ललत डिस्कोच्या ठेक्यावर माझ्या कानाला पटत नाही. वर्गातली मुलं मात्र माझ्याशी अजिबात सहमत नाहीत! एकानं वहीत लिहिलं, ‘मला सगळ्यांत जास्त ललत आवडला, कारण पहाटे क्लासला जाताना असंच पळावं लागतं.’ मी त्याला पूर्ण गुण दिले.

आता ते तिसरं, अवघड नाव. ‘सायकेडेलिक’ हा शब्द १९५६ साली एका मानसोपचारतज्ज्ञानं ग्रीक शब्दांवरून तयार केला. मनात दडलेलं प्रकट करणारं, असा त्याचा अर्थ. पालकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आत मीच सांगते, की हा शब्द आधी मादक द्रव्यांसाठी वापरला गेला आणि मग त्या काळच्या संगीताला चिकटला. तेव्हाच्या काही कलावंतांनी ती द्रव्यं घेतली, हे खरं आहे. त्यानं काय झालं, हेही खरं सांगायला हवं. ‘पिंक फ्लॉइड’ हा इंग्लंडमधला प्रसिद्ध वाद्यवृंद. त्याचा सुरुवातीचा गीतकार आणि गायक सिड बॅरेट अतिशय बुद्धिमान होता. पण मनाचा आजार आणि ही द्रव्यं यांच्या कचाट्यात तो सापडला. १९६८ साली त्याला वृंद सोडावा लागला. १९७५ साली एके दिवशी तो जुन्या मित्रांना भेटायला स्टुडिओत आला. मित्र तेव्हा त्याच्याच आठवणीतल्या एका गाण्यावर काम करत होते, आणि त्यांनी त्याला आधी ओळखलंच नाही, इतका तो बदलला होता. काही जणांना रडू आवरलं नाही. हे संगीत ऐकायला कान आणि थोडा वेळ, एवढंच पुरतं. आमचे पाचवीचे विद्यार्थी ते ऐकून पानभर चित्रं काढतात, ती नुसत्या दुपारच्या डब्यावर!

याच प्रकारात मोडणारा एक अल्बम अर्धा मुंबईत तयार झाला आहे. बीटल्स या वृंदातला जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईला आला आणि इथल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्यानं ‘वंडरवॉल’ नावाच्या चित्रपटासाठी आपल्या वादकांकडून संगीत वाजवून घेतलं. संतूरवर शिवकुमार शर्मा होते, सरोदवर आशिष खाँ. शहनाई आहे, सतार आहे, आणि लंडनमध्ये वाजवलेली गिटारही आहे. हॅरिसननं पुढं सांगितलं, की त्या स्टुडिओत बाहेरचा आवाज अडवायची सोय नव्हती. कान देऊन ऐकलं, तर काही तुकड्यांत मुंबईच्या रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीसुद्धा ऐकू येतात! ‘टॅक्सी शोधा’ हा खेळ आम्ही तीन शनिवार खेळलो. मुलांना पाच सापडल्या. मला एकही नाही. त्यातल्या खऱ्या किती, हे मात्र विचारू नका! या अल्बमबद्दल माझी एकच तक्रार आहे. त्यात एकोणीस तुकडे आहेत आणि बरेचसे इतके छोटे, की शहनाई रंगात येते न येते तोच संपते. पानावर जेवायला बसावं आणि पहिल्या घासाला ताट उचलावं, तसं होतं.

पिंक फ्लॉइडचा १९७३ सालचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ तुम्ही मोठे झाल्यावर जरूर ऐका. त्यात शब्दांची गाणीही आहेत. पण मला आवडतं ते शब्दांच्या आजूबाजूचं. हृदयाच्या ठोक्यांनी तो सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो. एका ठिकाणी कितीतरी घड्याळं एकदम ठणाणा वाजतात. जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन एकेका घड्याळाचा आवाज घेतलेला आहे. पैशांवरच्या गाण्यात नाण्यांचा खुळखुळाट, कागद फाडल्याचा आवाज, गल्ल्याची घंटा असे आवाज एका तालात बसवलेत. फितीचे तुकडे पट्टीनं मोजून, कापून जोडले होते. आणि ताल कोणता? सात मात्रांचा! आपल्या रूपकाच्याही मात्रा सातच. रूपकाचे बोल त्यावर म्हणून बघा, शेवटपर्यंत नाही तरी पुष्कळ वेळ जमतात. मध्ये गिटार सुरू झाली, की चार-चारचा ताल होतो आणि आपण पडतो तोंडघशी! नुसत्या यंत्रावर वाजवलेला, पळत सुटल्यासारखा एक तुकडाही त्यात आहे. तो मला सोसत नाही. ऐकताना धाप लागते. आण्णांना मात्र तोच आवडतो.

आता दोन शब्द पालकांसाठी. मुलांच्या कानांत दिवसभर इयरफोन असतात, ही तुमची तक्रार मला माहीत आहे. काय ऐकतात याची काळजी आपण करतोच, पण किती मोठ्यानं आणि किती वेळ ऐकतात, याची जास्त करायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली मर्यादा लक्षात ठेवा. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबलचा ४० तास. आवाज ३ डेसिबलनं वाढला, की ऐकण्याची वेळ निम्म्यावर आणायची. ९० डेसिबलला मोठ्या माणसांनासुद्धा आठवड्यातून फक्त ४ तास मिळतात. घरातली सोपी खूण म्हणजे मोबाइलचा आवाज ६० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. इयरफोन लावून शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे असं खुशाल समजा.

माझ्या आण्णांना आवाज कमी करायचं बटण तीस वर्षं मिळालं नाही. मुलांनो, तुमच्या हातात ते आहे. ते वापरा. या संगीतातलं पुष्कळसं तर बारीक आवाजातच खुलतं. ईनोचा अल्बम मोठ्यानं लावून बघा, निम्मी गंमत जाते.

येत्या रविवारी तुम्ही एक करा. संध्याकाळी दारात किंवा खिडकीपाशी पाच मिनिटं डोळे मिटून बसा. कुकरची शिट्टी, दूर जाणारी एस.टी., कावळा, शेजारचा दूरदर्शन संच, पंख्याची घरघर, जे जे ऐकू येईल ते मनात साठवा. मग वहीत लिहा. कुठला आवाज सारखा येत होता? कुठला एकदाच आला? कुठले दोन आवाज एकत्र आल्यावर छान वाटलं? घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही शेजारी बसवा आणि त्यांना काय ऐकू आलं ते विचारा. दोन्ही याद्या ताडून बघा. आजीला एखादा आवाज ऐकू आला नसेल तर हसू नका हं, आई-बाबांच्या कानावर घाला.

आणि हो, यादीपुढे तुमचं मत लिहायला विसरू नका. ‘कारण’ या शब्दासकट!